रिकामी पायरी

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा-पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने मला ‘खेळ आणि चारित्र्य’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. हा विषय असा आहे की त्यावर काहीही बोलले तरी चालते, आणि म्हणूनच त्यावर बोललेले सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. मी आयुष्यभर सकाळी वर्गात इतिहास शिकवला आणि संध्याकाळी मैदानावर शिट्टी वाजवली. तेव्हा उपदेश करण्याऐवजी एका धावण्याच्या शर्यतीची हकीकत सांगावी असे मी ठरवले आहे. समोर बसलेली मुले बक्षिसांकडे डोळे लावून चुळबुळ करीत आहेत हे मला दिसते आहे. त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या शर्यतीची हकीकत मी सांगणार आहे, ती अवघ्या 20 सेकंदांत संपली होती. तिच्यापुढची गोष्ट संपायला मात्र पन्नास वर्षे लागली.

मागच्या महिन्यात मी आपल्या ग्रंथालयात बसलो होतो. नववीतला एक मुलगा ऑलिंपिक स्पर्धांवरचे एक जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि त्यातल्या एका छायाचित्रावर बोट ठेवून म्हणाला, “सर, हा फोटो राष्ट्रगीताच्या वेळचा आहे असे खाली लिहिले आहे. मग हे दोघे मान खाली घालून मूठ वर करून का उभे आहेत? हा राष्ट्रगीताचा अपमान नाही का?”

मी त्याला म्हणालो, “बाळ, याचे उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते पुरते खरे असणार नाही. समारंभाच्या दिवशी सांगतो.” आज ते वचन पुरे करतो.

पालकहो, हा प्रश्न आपल्या मुलाने विचारावा याला एक अर्थ आहे. झेंडावंदनाच्या वेळी आपण कसे उभे राहतो, ओठ हलतात की नाही, याकडे कधी कधी दोन डोळे जास्तच लागलेले असतात, हे आपल्या मुलांना फार लवकर कळते. त्यामुळे राष्ट्रगीत, सन्मान आणि अन्याय हे तीन शब्द एकत्र आले की आपली मुले सावध होतात आणि आपण मोठी माणसे विषय बदलतो. आज मी विषय बदलणार नाही.

ते छायाचित्र 16 ऑक्टोबर 1968 चे आहे. मेक्सिको देशाची राजधानी मेक्सिको सिटी येथे ऑलिंपिक स्पर्धा चालू होत्या. त्याच स्पर्धांत आपल्या भारताच्या हॉकी संघाने कांस्यपदक मिळवले होते. त्या दिवशी पुरुषांची 200 मीटर धावण्याची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेचा टॉमी स्मिथ पहिला आला. वेळ 19.83 सेकंद, म्हणजे नवा जागतिक विक्रम. हा विक्रम पुढे 1979 पर्यंत टिकला. दुसरा आला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, 20.06 सेकंदांत. तिसरा अमेरिकेचाच जॉन कार्लोस, 20.10 सेकंदांत. स्मिथ आणि कार्लोस कृष्णवर्णीय होते, नॉर्मन गोरा होता.

ही माणसे कोण होती? टॉमी स्मिथ टेक्सास राज्यातल्या एका गरीब कुळाचा मुलगा. बारा भावंडांतला सातवा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणारा. मुलांनीही शेतात कापूस वेचलेला. जॉन कार्लोस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला, जोडे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा मुलगा. दोघेही पायांच्या जोरावर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील महाविद्यालयात पोहोचले. पीटर नॉर्मन हा मेलबर्नमधल्या एका साध्या कष्टकरी कुटुंबातला. त्याचे घराणे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंघाला मानणारे. गोरगरिबांच्या उपयोगी पडणे हा तिथला धर्म. नॉर्मन शाळेत व्यायामशिक्षक होता.

आता त्या वर्षीची अमेरिका डोळ्यांसमोर आणा. गुलामगिरी कायद्याने 1865 साली संपली होती. त्यानंतर तब्बल शंभर वर्षांनी, 1964 आणि 1965 साली, कृष्णवर्णीयांना समान वागणूक आणि मतदानाचा हक्क खऱ्या अर्थाने देणारे कायदे झाले. कायदे झाले तरी घर भाड्याने मिळत नव्हते, नोकरी मिळत नव्हती, आणि पोलिसांची भीती जात नव्हती. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. हातात शस्त्र न घेणाऱ्या, गांधीजींना मानणाऱ्या माणसाला गोळी घालण्यात आली. ऑलिंपिक स्पर्धा त्यानंतर सहा महिन्यांनी भरल्या.

हा सगळा दूर देशीचा मामला आहे असे कोणी म्हणेल. त्याला मी एवढेच आठवण करून देईन की महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक पुण्यात बसून लिहिले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आगबोटीच्या काळातल्या एका मराठी माणसाला ते दुःख आपले वाटले. आपल्याला ते परके वाटू नये.

स्पर्धांच्या आधी एक वर्ष, 1967 साली, सॅन होजेमध्ये शिकवणारे हॅरी एडवर्ड्स या तरुण समाजशास्त्रज्ञाने खेळाडूंची एक संघटना उभी केली. मानवी हक्कांसाठी ऑलिंपिक प्रकल्प, असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. कृष्णवर्णीय खेळाडूंनी स्पर्धांवर बहिष्कार घालावा, असा आधी विचार होता. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेला स्पर्धेत घेऊ नये, कृष्णवर्णीय प्रशिक्षक नेमावेत, युद्धावर जाण्यास नकार दिल्याबद्दल मुहम्मद अली यांचे काढून घेतलेले मुष्टियुद्धाचे अजिंक्यपद परत द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दक्षिण आफ्रिकेला अखेर वगळण्यात आले. बहिष्काराचा बेत मात्र सर्वांना पटला नाही. मग ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागावे, असे ठरले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याला विजयमंचावर काही सांगायचे आहे, त्याला आधी विजयमंचावर पोहोचावे लागते. स्मिथला उपांत्य फेरीत मांडीच्या सांध्याजवळ दुखापत झाली होती. पाय बांधून तो अंतिम फेरीत उतरला, आणि जगात कोणी धावले नव्हते इतक्या वेगाने धावला. त्या दिवशी तो पाचवा आला असता तर त्याची मूठ कोणाला दिसली असती?

पदके घेण्यापूर्वी तिघे एका खोलीत वाट पाहत होते. स्मिथ आणि कार्लोस यांनी आपला बेत नॉर्मनला सांगितला. मानवी हक्कांवर तुझा विश्वास आहे का, असे त्यांनी त्याला विचारले. आहे, असे तो म्हणाला. देवावर आहे का? तोही आहे, असे तो म्हणाला. मग मी तुमच्या बाजूने उभा राहीन, असे त्याने सांगितले आणि त्या संघटनेचा बिल्ला आपल्यालाही हवा म्हणून मागितला. अमेरिकेच्या नौकानयन संघातल्या पॉल हॉफमन या गोऱ्या खेळाडूने आपल्या छातीवरचा बिल्ला काढून त्याला दिला. एवढ्यात असे लक्षात आले की कार्लोस आपले काळे हातमोजे निवासस्थानीच विसरून आला आहे. तेव्हा नॉर्मननेच सुचवले, एकच जोडी दोघांत वाटून घ्या. म्हणून त्या छायाचित्रात स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा.

तिघे मंचावर चढले. स्मिथ आणि कार्लोस यांच्या पायांत बूट नव्हते, फक्त काळे पायमोजे होते. आपल्या लोकांच्या दारिद्र्याची ती खूण. स्मिथच्या गळ्यात काळा रुमाल होता. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ होती, जमावाने ठेचून आणि फासावर लटकावून मारलेल्या आपल्या बांधवांच्या आठवणीसाठी. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू झाले. दोघांनी मान खाली घातली आणि मूठ वर केली. एक शब्द उच्चारला नाही. गीत संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. नॉर्मन पुढे पाहत ताठ उभा होता. त्याने मूठ उगारली नाही, पण त्याच्या छातीवर तो बिल्ला होता.

मैदानातून उतरताना प्रेक्षकांतून त्यांची हुर्यो उडवण्यात आली. जागतिक ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज संतापले. खेळात राजकारण आणले, असा त्यांचा आरोप होता. या दोघांना काढा, नाहीतर अमेरिकेचा सगळा संघ बाहेर काढू, अशी धमकी आली आणि दोघांना खेळाडूंच्या वसाहतीतून घालवून देण्यात आले. हेच ब्रंडेज 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख होते. तिथे विजयमंचावर जर्मन खेळाडू हात पुढे करून नाझी सलाम करीत होते. त्याला त्यांनी हरकत घेतली नव्हती. तो त्या देशाचा सरकारी सलाम होता, असे समर्थन केले गेले. म्हणजे सत्तेच्या बाजूने वर गेलेला हात हा शिष्टाचार ठरला, आणि गरिबाच्या बाजूने वर गेलेला हात राजकारण ठरला. हा न्याय कोणता, हे तुम्हीच ठरवा.

या दोघांची पदके काढून घेतली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. पदके त्यांच्याकडेच राहिली. हिरावले गेले ते बाकीचे सगळे. ठार मारण्याच्या धमक्या आल्या. काम मिळेना. चार मुले पदरी असताना काही रात्री घरातले फर्निचर फोडून शेकोटी करावी लागली, असे कार्लोस यांनी पुढे सांगितले आहे. हे सोसून दोघे उभे राहिले कशाच्या बळावर? शिक्षणाच्या. स्मिथ महाविद्यालयात शिकवू लागले आणि धावपटू घडवू लागले. कार्लोस एका हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांचे सल्लागार आणि प्रशिक्षक झाले. नॉर्मन तर आधीपासूनच शिक्षक. स्मिथ आणि कार्लोस यांचे आयुष्य शेवटी शाळेच्या आवारात स्थिरावले. पालकहो, मुलगा खेळात चमकला की आपण त्याच्या अभ्यासाकडे काणाडोळा करतो. पाय थकतात, पण शिकलेले टिकते. एवढे एक वाक्य घरी घेऊन जा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. हा राष्ट्रगीताचा अपमान होता काय?

अपमान होता असे म्हणणारी माणसे सगळी दुष्ट नव्हती, हे मी प्रथम सांगतो. जेसी ओवेन्स यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. बर्लिनमध्ये हिटलरच्या नाकासमोर चार सुवर्णपदके जिंकणारा हा कृष्णवर्णीय महान धावपटू. 1968 साली त्यांनाही ही मूठ पटली नव्हती, आणि त्यांनी या तरुणांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला होता. चार वर्षांनी पुस्तक लिहून त्यांनी आपले मत बदलल्याचे कबूल केले. मोठ्या माणसाने आपली चूक छापून कबूल करावी, हा धडा त्या मुठीपेक्षा लहान नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते असे आहे. ज्याला आपल्या देशाची पर्वा नाही, तो देशासाठी बांधलेल्या पायाने धावत नाही. ज्याला त्या गीताची किंमत नाही, तो गीत संपेपर्यंत मान खाली घालून थांबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रगीतात स्वातंत्र्याचे गुणगान आहे. या दोघांचे म्हणणे एवढेच होते की हे जे गायले जाते आहे, ते आमच्या वस्तीत अजून पोहोचलेले नाही. ही घरातल्या मुलाने घरच्यांकडे केलेली तक्रार आहे, परक्याने केलेली कुचेष्टा नव्हे. ती मूठ मानवी हक्कांसाठी होती, असे स्मिथ यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे.

तरीही निषेधाची प्रत्येक तऱ्हा प्रत्येकाला पटते असे नाही. यात आपल्या धर्मबांधवांचेही एक उदाहरण आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. महमूद अब्दुल रऊफ हा अमेरिकेतला बास्केटबॉल खेळाडू. जन्माने ख्रिस्ती, 1991 साली त्याने इस्लाम स्वीकारला. 1995-96 च्या हंगामात तो राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहीनासा झाला. हा ध्वज जुलमाचे प्रतीक आहे, असे त्याचे म्हणणे होते. मार्च 1996 मध्ये संयोजकांनी त्याला निलंबित केले. एका सामन्यानंतर तडजोड झाली. तो उभा राहू लागला, पण ओंजळीत तोंड धरून दुआ मागू लागला. ऐन उमेदीत असलेल्या या खेळाडूची कारकीर्द त्यानंतर उतरणीला लागली. त्याच काळात तिथले दुसरे मोठे मुस्लिम खेळाडू हकीम ओलाजुवान यांनी जाहीरपणे वेगळे मत दिले. चांगला मुसलमान हा चांगला नागरिक असतो आणि त्याने देशाचे नियम मानावेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दोघेही नमाज पढणारे, दोघांचा विवेक जागा, आणि दोघांची मते दोन. ज्यांना वाटते की एका समाजाचे एकच मत असते, त्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

वीस वर्षांनी, 2016 साली, कॉलिन केपर्निक या अमेरिकी फुटबॉलपटूची पाळी आली. पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीयांचे बळी जात होते. त्याच्या निषेधार्थ तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला. नेट बोयर नावाच्या एका माजी सैनिकाला ते खटकले. त्याने केपर्निकला पत्र लिहिले; दोघे भेटले, बोलले. सैनिक आपल्या मृत साथीदाराच्या कबरीपुढे एक गुडघा टेकतो, तसे तू कर, असे त्या सैनिकाने सुचवले. 1 सप्टेंबर 2016 पासून केपर्निक गुडघा टेकू लागला, आणि तो सैनिक त्याच्या शेजारी उभा राहिला. रागावलेला माणूस आणि ज्याच्यावर राग आहे तो माणूस समोरासमोर बसले तर निषेधाची रीतसुद्धा सुधारते, ती अशी. पुढच्या वर्षी मात्र केपर्निकला कोणत्याही संघाने घेतले नाही, आणि त्या मैदानावर तो परत कधी दिसला नाही. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. सारी अमेरिका हादरली, आणि खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आमची चूक झाली, असे त्या फुटबॉल संघटनेच्या प्रमुखांनी जूनमध्ये कबूल केले. तोवर केपर्निकची चार वर्षे गेली होती.

मुलांनो, तुम्ही घरी जाऊन मूठ वर करावी किंवा गुडघा टेकावा, यासाठी मी हे सांगत नाही. आपण झेंड्यासमोर ताठ उभे राहतो, मनापासून राहतो, आणि राहत जाऊ. तरी आपल्या देशाचा कायदा सन्मान आणि सक्ती यांत फरक करतो, हेही तुम्हाला ठाऊक असावे. केरळातील एका शाळेतून तीन ख्रिस्ती भावंडांना काढून टाकले होते, कारण त्यांच्या पंथाच्या समजुतीप्रमाणे ती राष्ट्रगीत म्हणत नसत. मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आदराने उभे राहिले की अपमान होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्या देशाचे न्यायालय तीन लहान मुलांच्या मनाची एवढी कदर करते, त्या देशापुढे उभे राहताना मान आपोआप ताठ होते.

आता मी माझ्या भाषणाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्या छायाचित्रात सर्वांचे लक्ष दोन मुठींकडे जाते. माझे लक्ष जाते ते दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे. स्मिथ आणि कार्लोस यांच्यावर अन्याय झाला होता, ते बोलले. नॉर्मनवर कोणता अन्याय झाला होता? काही नाही. तो गोरा होता, त्याच्या हातात रौप्यपदक होते. गुपचूप पदक घेऊन घरी गेला असता तर त्याच्या शहराने त्याला डोक्यावर घेतले असते. पण त्याचा स्वतःचा देशही काही निर्मळ नव्हता. गोऱ्यांनाच प्राधान्य देणारे धोरण तिथे होते. तिथल्या मूळ रहिवाशांना देशाच्या शिरगणतीत मोजण्यासाठी 1967 साल उजाडावे लागले. त्या देशात नॉर्मनने छातीवर लावलेला बिल्ला अनेकांना टोचला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याची निवड झाली नाही. याचे कारण तो बिल्लाच की आणखी काही, यावर तिथे आजही वाद आहे. तो पुन्हा कधी ऑलिंपिकमध्ये धावला नाही, हे मात्र खरे. आपण केले त्याचा पश्चात्ताप त्याने कधी दाखवला नाही.

2005 साली सॅन होजेच्या विद्यापीठाने त्या प्रसंगाचा भव्य पुतळा उभारला. पहिल्या पायरीवर स्मिथ, तिसऱ्या पायरीवर कार्लोस. दुसरी पायरी रिकामी आहे. तिथे आपला पुतळा नको, असे नॉर्मन यांनीच सांगितले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही त्या जागी उभे राहता यावे, अशी त्यांची इच्छा होती. आज विद्यार्थी त्या पायरीवर चढतात, आणि क्षणभर त्या दोघांच्या सोबतीला उभे राहतात.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2006 मध्ये, नॉर्मन वारले. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस अमेरिकेहून मेलबर्नला गेले, आणि त्यांची शवपेटी या दोघांनी खांद्यावर घेतली. आपल्याकडे जनाजाला खांदा देणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. 38 वर्षांपूर्वी मंचावर जो सोबत उभा राहिला, त्याला त्यांनी शेवटच्या वाटेवर सोबत केली. 2012 साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नॉर्मन यांच्याशी झालेल्या वागणुकीबद्दल त्यांची क्षमा मागितली. क्षमा ऐकायला ते नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्यावर अन्याय झाला की आपण बोलतो, सभा घेतो, अर्ज करतो. ते आवश्यकच आहे. पण प्रामाणिकपणे सांगा, जिथे आपल्याला झळ लागत नाही, तिथे आपण कोठे असतो? आपल्या मोहल्ल्यात गटार साफ करणाऱ्याच्या मुलाला शाळेत कोणी जातीवरून चिडवले, तर आपला मुलगा त्याच्या बाकावर जाऊन बसतो का? सातवीनंतर शेजारच्या मुलीची शाळा बंद केली गेली, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून आपण दार लावून घेतो की तिच्या अब्बांशी बोलायला जातो? लग्नाच्या वेळी बिरादरी विचारताना, आपणही माणसांना पायऱ्यांवर उभे करतो, हे आपल्या ध्यानात येते का? दुसऱ्याच्या दुःखासाठी आपण रिकामी पायरी चढलो नाही, तर आपल्या दुःखाच्या वेळी ती रिकामीच राहिली, अशी तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आणि मुलांनो, ही पायरी चढायला मेक्सिकोला जावे लागत नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या संघात, कोणा एकाला खेळायला घेत नाहीत, कोणाच्या डब्याला नावे ठेवतात, कोणाच्या बोलीची नक्कल करतात. तिथे गाजावाजा न करता त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मूठ उगारू नका, भाषण करू नका; नॉर्मननेही केले नव्हते. फक्त तुम्ही कोणाच्या बाजूला उभे आहात, हे दिसू द्या. त्यासाठी थोडेसे गमवावे लागेल, तेही सांगून ठेवतो. फुकट मिळालेल्या धैर्याला कोणी धैर्य म्हणत नाही.

जाता जाता एक शेवटची बातमी. नॉर्मन यांची 20.06 सेकंदांची वेळ हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम होता. तो 56 वर्षे कोणाला मोडता आला नाही. डिसेंबर 2024 मध्ये तो 20.04 सेकंदांत मोडला गेला. मोडणारा मुलगा 16 वर्षांचा, म्हणजे तुमच्यातल्या दहावी-अकरावीच्या मुलांच्या वयाचा. त्याचे नाव गाउट गाउट. त्याचे आईवडील आफ्रिकेतल्या दक्षिण सुदानमधून ऑस्ट्रेलियात येऊन स्थायिक झालेले. ज्या देशात नॉर्मन यांनी कृष्णवर्णीयांसाठी बिल्ला लावला म्हणून नाके मुरडली गेली, त्या देशाच्या वतीने त्यांचा विक्रम एका कृष्णवर्णीय मुलाने आपल्या नावावर केला, आणि साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या. स्वतःचा विक्रम मोडला गेल्याचा आनंद होईल, असे धावपटू जगात फार थोडे. पीटर नॉर्मन त्यांतले एक असते, असे मला वाटते.

माझ्या नववीतल्या मित्रा, तू कोठे बसला आहेस मला दिसत नाही. पण तुझे उत्तर तुला मिळाले असेल. मिळाले नसेल तर पुन्हा ग्रंथालयात ये. आपण आणखी बोलू.

आता बक्षिसे घेणाऱ्यांनी पुढे यावे. आणि ज्यांना आज बक्षीस नाही, त्यांनी मघाच्या त्या दुसऱ्या पायरीची आठवण ठेवावी. तिच्यावर चढायला शर्यत जिंकावी लागत नाही.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. 

खुदा हाफिज. जय हिंद!